थंड हवेची श्रमनिद्रा

बाळ नुकतंच झोपलं होतं. दुपारचे दोन. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मी पाळण्याची दोरी हळूच सोडली आणि पाय न वाजवता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले. अर्धा तास तरी आपला, असं मनात म्हणते न म्हणते तोच देवघरात ताम्हनावर पळी पडली.

ठण्ण!

एवढीशी पितळेची पळी, पण नुकत्याच झोपलेल्या बाळाच्या घरात ती तोफेचं काम करते. बाळानं डोळे उघडले, पळी जणू मीच फेकली अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं आणि सूर लावला. देवघरात आमची पाच वर्षांची वनमाला, म्हणजे वनी, देवांपुढं मांडी घालून बसली होती. फ्रॉक ओला, पाट ओला, देव ओले.

"वने, काय करायलीस?"

"देवांना पाणी घालायले. त्यांना गरम व्हायलंय."

"अगं, सकाळी आंघोळ झालीय त्यांची."

"आपली पण झाली होती की," वनी म्हणाली.

मुद्दा वकिलाच्या मुलीला शोभेल असाच होता. दसरा कालच झाला होता आणि आश्विनातलं ऊन असं पेटलं होतं की दुसरं दुपटं पिळून होईपर्यंत तारेवरचं पहिलं वाळत होतं. मी बाळाला खांद्यावर टाकलं आणि तेवढ्यात अंगणातून ह्यांची हाक आली, "शामला! अगं, लवकर बाहेर ये! गार हवा बंद पडली!"

आता गार हवा ही बंद पडण्याजोगी वस्तू आमच्या घरी कशी, हे सांगायला हवं. अंगणात कडुलिंबाखाली एक अमेरिकन मोटार उभी होती. ती आमची नव्हे, हे आधीच सांगते. आमचे हे, म्हणजे गोपाळकृष्ण वकील, धाराशिवच्या आण्णासाहेब वकिलांच्या हाताखाली काम करतात, आणि आमची वकिली तेव्हा बाळासारखीच रांगायच्या बेतात होती. आण्णासाहेबांनी हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून ही गाडी घेतली होती. लांबीला ती आमच्या ओसरीपेक्षा हातभर जास्तच. आण्णासाहेब सहकुटुंब, सड्रायव्हर काशीला गेले, आणि जाताना गाडी आमच्या तुळजापूरच्या अंगणात ठेवून गेले. आमच्या झाडाला सावली आहे आणि ह्यांच्या अंगी आज्ञाधारकपणा आहे, म्हणून.

त्या गाडीत थंड हवेचं यंत्र होतं. काचा वर करायच्या, बटण दाबायचं, की मागच्या बाकाच्या पाठीमागून पौषातल्या पहाटेसारखी हवा. नवरात्रात सगळ्या गल्लीनं आळीपाळीनं आत बसून ती खाल्ली. ह्यांच्या आत्या, अनसूयाबाई, आमच्याकडंच असतात. त्या आत बसल्या आणि दोन मिनिटांत घोंगडी मागितली.

आणि आता बटण दाबल्यावर येत होती ती चुलीपुढची हवा. वारा होता, गारवा नव्हता.

एरवी मी म्हटलं असतं, बरं झालं, पेट्रोल वाचलं. पण ते यंत्र आत्ता बंद पडून चालण्यासारखं नव्हतं. कारण माझे दादा, म्हणजे वडील, सोलापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पट्टी बांधून पडले होते.

दादा येरमाळ्याच्या शाळेत मास्तर होते. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, ती पोस्टकार्डावर. सासरी आल्यापासून दर सोमवारी त्यांचं कार्ड यायचं. दोन वर्षांपूर्वी कार्डावरच्या ओळी वर चढायला लागल्या, मग एकमेकींच्या अंगावर जायला लागल्या, आणि मग कार्डंच थांबली. मोतीबिंदू. बाळ झालं तेव्हा ते आले, हातानं चाचपून म्हणाले, "नाक कुणावर गेलंय गं?" मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, पण मास्तर माणूस, दुसऱ्यानं तपासलेल्या पेपरावर त्यांचा कधी विश्वास नसतो. आता दोन्ही डोळे एकदम केले होते. कोजागिरीच्या दिवशी घरी न्या, पट्टी आणखी दोन दिवसांनी काढायची, असं डॉक्टरांनी कळवलं होतं आणि खाली तीन अटी घातल्या होत्या: धूळ नको, घाम नको, हिसका नको. पट्टीत घाम उतरला किंवा धूळ गेली तर केलेलं सगळं वाया जायचं.

आता सोलापूर ते तुळजापूर अठ्ठावीस मैल. कोजागिरीला देवीची मोठी यात्रा. तो सगळा रस्ता चालत येणाऱ्या माणसांनी भरलेला. काचा उघड्या ठेवल्या तर धूळ, बंद ठेवल्या तर घाम. दोन्ही नको असेल तर त्या यंत्राशिवाय मार्ग नव्हता. म्हणूनच ह्यांनी सासऱ्यांना छातीठोक पत्र पाठवलं होतं, "आपणांस थंड हवेतून आणू." आईनं ते दादांना तीनदा वाचून दाखवलं, असं तिचं उत्तर आलं होतं.

कोजागिरीला चार दिवस उरले होते.

आमच्या गल्लीत एखाद्याकडं काही बिघडलं की बातमी सांगायला जावं लागत नाही. पहिले आले शेजारचे वसंतराव पेशकार. निजामाच्या अमलात तहसिलीत पेशकार होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं उलटली, पण काकांच्या जिभेवरचा अंमल अजून बदललेला नाही. गाडीभोवती हात मागं बांधून त्यांनी एक फेरी मारली.

"वकीलसाहेब, ही जहागीरदाराची गाडी. हिचा मिजाज असतो. तुम्ही बटण कसं दाबलं?"

"कसं म्हणजे? बोटानं."

"तेच! असं कारकुनासारखं दाबलं की ती बिघडणारच. रुबाबात दाबायला पाहिजे." त्यांनी स्वतः आत बसून, छाती काढून, समोर बघत बटण दाबलं. गरम हवा आली. "बघा," काका घाम पुसत म्हणाले, "आधीपेक्षा जरा बरी आहे."

मग कोपऱ्यावरचे तेलाचे व्यापारी महालिंगप्पा आले. त्यांचं माहेर, म्हणजे मूळ घर, अक्कलकोटाकडचं. रागावले की कानडीत शिरतात. ते म्हणाले, "मोटारीच्या पोटात उष्णता झाली हाय, वकीलसाब. म्हशीला होती तशी. ताक द्या."

"मोटारीला ताक?"

"आत न्हाय वो, वरनं! बोनेटवर. पोतं ताकात भिजवून टाका."

मी ताक नाही म्हटलं, कारण ताक मला हवं होतं. पण पाण्यात भिजवलेलं पोतं टाकण्यात आलं. त्यानं बोनेटवरची महिन्याची धूळ कालवून तिचं गंध झालं आणि गाडी कपाळभर भस्म लावलेल्या बैराग्यासारखी दिसायला लागली.

या सगळ्यात शांत होत्या त्या एकट्या आत्याबाई. जपमाळ ओढत ओसरीवरून म्हणाल्या, "गोपाळा, उगं कशाला झटायलास? सीमोल्लंघन करून आई दमून पलंगावर निजलीय. तिची श्रमनिद्रा पुनवेपर्यंत. जगाची आई झोपली आणि तुमचं मशीन जागं राहील व्हय? कोजागिरीला उठंल आपोआप."

हे तुळजापुरात लहान पोरालाही माहीत असतं. देवी दसऱ्यानंतर पाच दिवस झोपते. पण झोपेचा हा नियम अमेरिकन मालाला लागू करणं ह्यांना पटलं नाही. "आत्या," हे म्हणाले, "खंडेनवमीला पूजा घातलीत ना तुम्ही गाडीची? तेव्हापासूनच बिनसलंय तिचं."

"पूजेनं कुणाचं बिनसत न्हाई!" आत्याबाई कडाडल्या. "दारात मोटार उभी असताना खंडेनवमीला हत्यारांत तिचं काही नको? तुझी कायद्याची पुस्तकं मांडली, शामलाची विळी-अडकित्ता मांडला, माझी कात्री मांडली. मोटारीनंच काय पाप केलंय?"

इथं संभाषण थांबलं. ते आणखी दोन वाक्यं पुढं गेलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती. पण बाळ रडलं आणि मी आत गेले.

त्याच संध्याकाळी ह्यांनी काशीला तार करायचं ठरवलं. पोस्टातल्या तारबाबूंनी ह्यांचा दीड पानी मसुदा वाचला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, ही तार आहे का फिर्याद?" मग दोघांनी मिळून ती कापत कापत आणली ती 'थंड यंत्र बंद, काय करावे' इथपर्यंत. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आण्णासाहेबांची तार अशी: 'काहीही काढू नका. गंगास्नान झाले. आशीर्वाद.'

"काढू नका!" हे संतापले. "काढलंय कुणी? एक स्क्रू नाही काढला मी! आपल्यावर एवढाही भरवसा नाही."

तार पुस्तकात ठेवताना ह्यांचा चेहरा पडला होता. मला वाईट वाटलं. माणूस प्रामाणिक असला की त्याला न केलेल्या चुकीचा फार राग येतो.

त्याच संध्याकाळी शरणप्पाला बोलावलं. शरणप्पा पिठाच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करतो. तालुक्यात हलणारं आणि धूर सोडणारं जे जे आहे ते त्याचं. आल्याआल्या त्यानं बोनेट उघडलं, नमस्कार केला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"वकीलसाब, गिरणीत येक इंजिन आन् येक जातं. हितं तर सगळा गावच वसलाय."

गाडी चालू करून बटण दाबलं. शरणप्पानं मलाही बोलावून दाखवलं. पुढच्या बाजूला एक लठ्ठ यंत्र, त्याच्या तोंडाशी चाक, चाकावर पट्टा. पट्टा फिरत होता, चाकाची बाहेरची कड फिरत होती, पण मधला गोल भाग मात्र जागचा हलत नव्हता.

"बगा वैनी, भायेरचं चाक फिरतंय, आतलं बसून हाय. बटण दाबलं की ह्येनं त्येला धरायला पायजे. धरीना. येका घरात राहत्यात पर बोलणं न्हाय. सासू-सुनंवाणी."

"आमच्याकडं तसं नाही," मी घाईनं म्हटलं, कारण ओसरीवरची जपमाळ थांबली होती.

शरणप्पानं पट्टा ताणला. धरेना. ढिला केला. धरेना. मग त्यानं आतल्या चाकाला हातोडीच्या दांड्यानं समजावणीच्या सुरात चार टोले दिले. धरेना. या तपासात बटण दोन तास चालू राहिलं आणि इंजिन मात्र बंद, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. उजाडल्यावर हे गाडी सुरू करायला गेले तर आता गाडीच चालू होईना. बॅटरी उतरली होती.

म्हणजे आधी थंड हवा नव्हती. आता गरम हवाही नव्हती.

गाडी ढकलून सुरू करायची ठरली. हे, शरणप्पा, महालिंगप्पा असे तिघं लागले, पेशकारकाका हुकूम द्यायला. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथं थांबली. तेवढ्यात कर्नाटकाकडून लवकर निघालेली यात्रेकरूंची एक दिंडी समोरून आली. चाळीसेक माणसं, डोक्यावर गाठोडी, गळ्यात कवड्या. एवढी मोठी गाडी, पुढं भस्म, मागं घामाघूम तीन माणसं, म्हणजे हे काही तरी नवसाचंच असणार, असं त्यांनी ठरवलं. कुणीतरी गाठोडं खाली ठेवलं आणि "आई राजा उदो उदो!" असा गजर करत सगळ्यांनी खांदे लावले. हे धावत जाऊन आत बसतात न बसतात तोच गाडी अशी सुटली की स्टीअरिंगवर ह्यांचं ध्यान तर हवेत उडाल्यासारखंच दिसलं. कोपऱ्यावर महालिंगप्पांच्या दुकानाचा ताट्यांचा मांडव होता. तो होता, असंच म्हणावं लागेल. पण इंजिन सुरू झालं. महालिंगप्पा सगळं कानडीत बोलले.

यात्रेकरूंनी बोनेटवर हळद वाहिली, पाया पडले आणि पुढं गेले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन बायका गाडीची ओटी भरून गेल्या. नारळ आत्याबाईंनी ठेवून घेतले.

कोजागिरीला एक दिवस उरला. रात्रभर मला झोप नव्हती. बाळाच्या घामोळ्यांना वारा घालता घालता मी दादांच्या पट्टीचाच विचार करत होते. सकाळी देवांना आंघोळ घालताना एकेका देवाला मनातल्या मनात सांगितलं: माझ्या दादांचा डोळा संभाळा. टाकांना सांगितलं, बाळकृष्णाला सांगितलं, आणि बाळकृष्णाशेजारी तो काचेचा छोटा देव होता, त्यालाही सांगितलं. बोटाच्या पेराएवढा, दोन्ही टोकांना चांदीसारखी टोपणं. आत्याबाईंच्या सासरचा कसला तरी असावा. दसऱ्यानंतर तो देव्हाऱ्यात बसला होता. नव्या देवाबद्दल सासरच्यांना विचारायचं नसतं. नमस्कार करायचा असतो.

ह्यांनी त्या दिवशी हार मानली नाही, म्हणजे नवी कल्पना काढली. बर्फ! गाडीत बर्फाचं घंगाळ ठेवायचं, त्यावरून वारा घ्यायचा. सोलापूरहून एस.टी.तून लाकडाच्या भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी मागवली. ती दुपारी बारा वाजता स्टँडवर उतरली आणि जकात नाक्यावर अडली.

नाक्यावरचे कारकून नवे होते आणि नियमाला घट्ट. "माल काय?"

"बर्फ."

त्यांनी यादी उघडली. "ब मध्ये बर्फी आहे, बत्ताशे आहेत, बादल्या आहेत. बर्फ नाही."

"पाणीच आहे ते. पाणी लिहा."

"पाण्यावर जकात नाही. पण पाणी पोत्यातून येत नाही."

"मग सोडून द्या!"

"यादीत नाही म्हणजे सोडायचं असं नाही, साहेब. यादीत नाही म्हणजे साहेबांना विचारायचं." साहेब जेवायला गेले होते. तोवर वजन तरी करून ठेवू, म्हणून कारकुनांनी पोतं काट्यावर घातलं आणि आकडा लिहिला. साहेब आले, त्यांनी पुन्हा वजन करायला लावलं. आकडा कमी आला. "पहिला आकडा कुणी लिहिला?" साहेबांनी विचारलं. कारकुनांनी खोडून तिसऱ्यांदा वजन केलं. तो आणखीच कमी. दोघांनी एकमेकांकडं संशयानं बघितलं. एव्हाना टेबलाखालून पाण्याचा ओघळ साहेबांच्या चपलेपर्यंत पोचला होता. शेवटी साहेबांनी स्वतःच्या हातानं नोंद केली: 'पोते एक, ओले. मालकास परत.'

घरी आलं ते साबणाच्या वडीएवढं. तरीही प्रयोग झालाच. दादांच्या जागी रोगी म्हणून पेशकारकाका बसले. डोळ्यांना उपरणं बांधून, काचा बंद करून, मांडीवर बर्फपाण्याचं घंगाळ घेऊन त्यांना वेशीपर्यंत फिरवून आणलं. परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं आणि वर घाम निथळत होता.

"कसं काय वाटलं, काका?"

"वरून हैदराबाद, खालून काश्मीर," काका म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांना हे देऊ नका. माझी दरख्वास्त आहे."

मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन, फोडणीचा धूर झाला असं म्हणत, डोळे पुसले. हे मागून आले आणि दारातच उभे राहिले. "मी मास्तरांना शब्द दिला होता गं," एवढंच म्हणाले. त्या माणसावर मला रागावायचं होतं. तेही राहून गेलं.

कोजागिरीचा दिवस उजाडला. नऊ वाजता निघायचं होतं. सातला शरणप्पा न बोलावता आला. "रातभर डोस्क्यात चाक फिरत व्हतं," म्हणाला. या वेळेला त्यानं बोनेट उघडलंच नाही. तो सरळ गाडीच्या आत, स्टीअरिंगखाली, पाठीवर आडवा झाला. चाकाला कुणीतरी 'धर' म्हणून सांगायला पाहिजे आणि सांगणारा तर विजेचा करंट. मग तो वाटेत कुठं अडलाय ते बघायचं, असा त्याचा हिशेब. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "वकीलसाब! हितं घर हाय, पर घरधनी न्हाय!"

आम्ही वाकून बघितलं. पितळेची दोन छोटी चिमट्यासारखी टोकं, आणि मधे मोकळी जागा.

"हितं फ्यूज असतो. काचंची नळी. आत केसावाणी तार. त्यो कुणीतरी काढलाय."

"काढलाय?" ह्यांना आण्णासाहेबांची तार आठवली असणार, ते पांढरे पडले. "दुसरा मिळेल?"

"हा मोटा हाय. सोलापुरात तरी घावतोय का न्हाय! तार बांधून देऊ का? चालंल. पर पेटली तर माजं नाव घिऊ नगा."

"नको नको! आत सासरे असणार आहेत!"

"कसा दिसतो म्हणालात?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

"बोटाच्या पेराएवढा. दोन्ही टोकाला चांदीवाणी टोपण."

वनी फाटकाच्या दांडीवर झोके घेत होती. ती झोका न थांबवता म्हणाली, "म्हणजे काचेचा देव."

शरणप्पा स्टीअरिंगखालून बाहेर सरकला.

"कुठला देव गं?" हे म्हणाले.

"आपला. मीच आणला होता. खंडेनवमीला आत्याआजी म्हणाली, जा, मोटारीतलं एखादं हत्यार आण, तेलकट नको. सगळं तेलकट होतं. हा एकटाच स्वच्छ होता. ओढला की आला. आत्याआजी डोळे मिटून जप करत होती, मग मीच फुलांखाली मांडला आणि दसरा झाल्यावर देवांत बसवला."

मी देवघराकडं धावले. माझ्यामागं आत्याबाई, त्यांच्यामागं बाकीचे उंबऱ्यापर्यंत. देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी, सकाळचं गंध आणि झेंडूची एक पाकळी लावून, अमेरिकन गाडीचा फ्यूज बसला होता.

"अगं बाई," आत्याबाई म्हणाल्या, "हा तुझ्या माहेरचा न्हाई होय? मला वाटलं, तू काशीची गंगा आणलीयस नळीत!"

"मला वाटलं तुमचा आहे!"

"मी दोन दिवस त्याला खडीसाखर ठेवली," आत्याबाई म्हणाल्या.

"मी पाच दिवस आंघोळ घातली," मी म्हणाले. त्याच्यापुढं मी आणखी काय केलं होतं, ते तिथं सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

ह्यांनी हात पुढं केला, तर आत्याबाईंनी तो चापटी मारून मागं सारला. "बसवलेला देव असा उचलतात व्हय? त्याला विचारावं लागतं." त्यांनी अक्षता टाकल्या, पुटपुटल्या, हात जोडले. दारात शरणप्पानं टोपी काढली. पेशकारकाकांनी डोळे मिटले. हे घड्याळ बघत होते, पण त्यांनीही हात जोडले. मग आत्याबाईंनी तो कोरड्या फडक्यानं पुसून, दोन्ही हातांनी, शरणप्पाच्या ओंजळीत दिला.

शरणप्पा खाली सरपटला. ह्यांनी इंजिन सुरू केलं आणि बटण दाबलं. पुढून आवाज आला: टक्!

"धरलं!" शरणप्पा ओरडला. "सासू-सून बोलली!"

मागच्या बाकावरून गार हवेची झुळूक आली आणि माझ्या गालावरचा घाम जागच्या जागी थिजला.

आत्याबाई ओसरीवर जाऊन बसल्या आणि जपमाळ उचलून म्हणाल्या, "म्हणले नव्हते? कोजागिरीला उठंल." आणि खरं सांगायचं तर, त्यांचं म्हणणं खोडून काढणारा एकही पुरावा आमच्या वकिलांकडं नव्हता.

सोलापूरहून निघालो तेव्हा दुपार टळली होती. आई पुढं ह्यांच्या शेजारी, मागं दादा, मी, मांडीवर बाळ आणि खिडकीशी वनी. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेले दादा उशीला टेकून, वर्गात साहेब तपासणीला आल्यासारखे ताठ बसले होते. बाहेर रस्ता दिसतच नव्हता. माणसंच माणसं, परड्या, पोत, डोक्यावर पोरं, आणि त्यांच्या पावलांनी उठलेली धूळ उन्हात तांबूस होऊन काचांवर येऊन आपटत होती. आत मात्र एक कण नव्हता. हे गाडी अशी चालवत होते की बैलगाड्या आम्हाला मागं टाकत होत्या. हिसका नको होता.

दादांनी हात पुढं करून बाळाचं पाऊल शोधलं आणि बोटं मोजायला लागले. मोजून झाल्यावर म्हणाले, "शामले, बाहेर पाऊस पडून गेला काय गं?"

"नाही, दादा."

"मग हवा अशी कशी? धुळीचा वाससुद्धा नाही."

"तुमच्या जावयांनी शब्द दिला होता ना," मी म्हटलं. पुढं ह्यांची मान जरा उंच झाली.

दादांनी पाऊल सोडून चाचपत हात वर नेला. मग बाळाच्या नाकावर बोट ठेवून म्हणाले, "कुणावर गेलंय ते सांगू नकोस. परवा मीच बघतो."

मी बाळाचं टोपडं सारखं केलं. परवा पट्टी सुटेल तेव्हा काय दिसेल, हे डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

वनी इतका वेळ खिडकीबाहेर बघत नव्हती. ती पुढं, स्टीअरिंगखालच्या अंधाराकडं टक लावून बसली होती. तिनं माझा पदर ओढला, बाकावर गुडघे टेकून तोंड माझ्या कानाशी आणलं.

"आई, मी काचेच्या देवाला सांगितलं होतं, आजोबांना दिसू दे. रोज सांगत होते."

"हो का गं, राणी."

"पण आता तो गार हवा करायलाय." तिनं दादांच्या पट्टीकडं एकदा बघितलं, पुन्हा खाली अंधाराकडं बघितलं, आणि आवाज आणखी बारीक केला. "आई, दोन्ही कामं त्याला एकट्याला जमतील का गं?"